खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटरीला करंटची मशीन लावली, तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन बंद करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७१ वर्षांच्या, बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बॉल बदलायचं ऑपरेशन झालं आणि सहाव्या दिवशी घरी आल्या. डिस्चार्जच्या कागदावर रोज पोटात घ्यायचं इंजेक्शन लिहिलंय, ते पाच आठवडे चालू ठेवायचंय. त्या सुईला कंटाळल्या आहेत, बेंबीभोवती काळेनिळे डाग पडलेत. बहिणीने न्यू जर्सीहून पायाचं रक्ताभिसरण वाढवणारी, पॅड चिकटवायची मशीन पाठवली आहे. ती लावली तर इंजेक्शन थांबवता येईल का, पॅड कुठे आणि किती वेळ लावायचे, आणि बाबांचेही पाय गार पडतात व चालताना दुखतात, तर त्यांनाही लावू का.

इंजेक्शन थांबवू नका. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचायला वेळ लागेल आणि आजचा डोस चुकायला नको.

मी २४ वर्षं फिजिओथेरपी करते आहे, त्यातली बरीच हाडांच्या वॉर्डात गेली. या मशीनला माझा विरोध नाही, मी स्वतः ती रुग्णांना लावते. पण ती काय करते आणि काय करत नाही, हे न समजता तिच्यावर भिस्त ठेवली तर आईंच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हृदय रक्त जोराने खाली पायापर्यंत पोचवतं. परत वर चढवायला मात्र त्या धक्क्यातला फारसा जोर उरलेला नसतो. उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो, म्हणजे हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या सगळ्या खांबाचं वजन तिथे येतं. हे रक्त वर ढकलायचं काम पोटरी करते. पोटरी म्हणजे गावातला हापसा समजा. स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. स्नायू सैल पडला की शिरांमधल्या झडपा मिटतात, त्यामुळे वर गेलेलं रक्त खाली येत नाही आणि रिकामी झालेली शीर पुन्हा भरते. माणूस चालायला लागला की काही पावलांतच घोट्याजवळचा तो दाब २०-३० पर्यंत उतरतो.

पोटरीत वरवर दिसणारा फुगीर स्नायू असतो आणि त्याच्याखाली दडलेला चपटा सोलियस. या सोलियसच्या आत रक्ताच्या रुंद, पिशवीसारख्या शिरा आहेत. माणूस खाटेवर पडून राहिला, हापशाचा दांडा हललाच नाही, की तिथलं रक्त साचून राहतं. पायातल्या पुष्कळशा गुठळ्यांची सुरुवात इथेच होते. तिथून ती गुडघ्यामागच्या, मग मांडीच्या शिरेत वाढत जाते. तिचा तुकडा सुटून फुफ्फुसात अडकला तर माणूस मिनिटांत जाऊ शकतो.

पायाचं डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह पाहायची सोनोग्राफी, करताना कधी खोलीत थांबला असाल, तर डॉक्टर एका हाताने प्रोब मांडीवर धरून दुसऱ्या हाताने पोटरी दाबताना पाहिलं असेल. दाबली की मशीनमधून ‘हूश्श’ असा आवाज येतो. पोटरीतून पिळून निघालेलं रक्त मांडीच्या शिरेतून धावत गेल्याचा तो आवाज. करंटची मशीन नेमकं हेच करते. डॉक्टरांच्या हाताऐवजी करंट स्नायूला आवळायला लावतो. त्यामुळे मशीनने शिरेतला प्रवाह वाढतो का, या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे.

पण प्रवाह वाढणं वेगळं आणि गुठळी टळणं वेगळं. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्खो यांचं १८५६ सालचं लिखाण आजही आम्हाला शिकवलं जातं. गुठळीची तीन कारणं सांगतात: रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्त स्वतःच जास्त गोठू लागणं. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये ही तिन्ही एकदम हजर असतात. पाय हलत नाही म्हणून रक्त संथ. ऑपरेशनमध्ये पाय वळवावा, पिरगळावा लागतो, त्यात मांडीची शीर ताणली जाते. आणि हाड मोडलं, ऑपरेशन झालं की जखम भरून काढायला शरीर रक्ताची गोठण्याची ताकद वाढवतं, ती काही आठवडे वाढलेलीच राहते. मशीन यातल्या फक्त पहिल्या कारणावर काम करते. तिसऱ्या कारणावर काम करतं ते इंजेक्शन. म्हणून एकाच्या बदल्यात दुसरं हा हिशेब इथे बसत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर इंजेक्शन साधारण २८ ते ३५ दिवस देतात तेही याच कारणाने. धोका घरी आल्यावर संपत नाही. उलट नर्स नाही, रोजचा राउंड नाही, अशा घरातल्या दिवसांतच पुष्कळ गुठळ्या होतात.

करंटची कल्पना नवी नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमधल्या सर्जननी ऑपरेशन टेबलावरच हा प्रयोग केला. १९७० साली ब्राउझ आणि नेगस यांनी रुग्णाच्या एका पोटरीला ऑपरेशन चालू असताना करंट दिला आणि दुसरा पाय तुलनेसाठी तसाच ठेवला. मग किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बनवणारं रक्तातलं प्रथिन, टिपून गुठळी कुठल्या पायात होते ते पाहिलं. करंट दिलेल्या पायांत गुठळ्या कमी आढळल्या. तरीही ही पद्धत मागे पडली. त्या काळचा करंट इतका झोंबायचा की भूल उतरल्यावर कुणी तो सहन करणं शक्य नव्हतं. दुसरीकडे हेपारिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची छोट्या डोसची इंजेक्शनं आली, ती सोपी आणि जास्त परिणामकारक निघाली.

आताच्या मशीनमध्ये पल्स, म्हणजे करंटचे ठोके, खूप आखूड असतात, त्यामुळे जागेपणी सहन होतात. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा, की काहीच उपाय न करण्यापेक्षा करंट बरा, पण छोट्या डोसच्या हेपारिनची बरोबरी तो करत नाही. तेही अभ्यास थोडे आणि फारसे भक्कम नसलेले, म्हणून ठामपणे बोलायला जागा कमी, असं त्यांनीच नोंदवलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये ‘गेको’ नावाच्या, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटवायच्या छोट्या यंत्राला मान्यता दिली, तीही अट घालून: गुठळीचा धोका जास्त आहे, पण औषधं आणि इतर यांत्रिक उपाय करता येत नाहीत, अशा रुग्णांसाठी. म्हणजे मेंदूत रक्तस्राव झालाय, इंजेक्शन दिलं तर स्राव वाढेल, आणि पायाला जखम किंवा प्लास्टर असल्यामुळे हवेचे पट्टेही बांधता येत नाहीत. अशा रुग्णांच्या बाबतीत मला करंटची खरी किंमत कळली. तिथे दुसरं काही हातात नसतं.

हवेच्या पट्ट्यांचा उल्लेख आला म्हणून सांगते. आईंच्या पायाला हॉस्पिटलमध्ये फुगणारे-मिटणारे पट्टे लावले असतील. यांत्रिक उपायांमध्ये मोठ्या अभ्यासाचा आधार त्यांना जास्त आहे. २०१३ मध्ये ‘क्लॉट्स ३’ नावाच्या अभ्यासात पक्षाघाताच्या, अंथरुणाला खिळलेल्या २,८७६ रुग्णांपैकी अर्ध्यांना ते लावले. गुठळीचं प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आलं. पट्टे असोत की करंट, दोन्हींचं काम एकच, पोटरी पिळणं.

आता तुमची मशीन. अशा मशीनच्या खोक्यावर बहुतेक वेळा टेन्स आणि ईएमएस ही दोन्ही नावं असतात आणि लोकांची पहिली चूक इथेच होते. टेन्स दुखणं कमी करण्यासाठी आहे. त्यात झिणझिण्या येतात, स्नायू हलत नाही. पोटरी आवळली जात नसेल तर कितीही मुंग्या आल्या तरी रक्त जागचं हलणार नाही. ‘करंट छान जाणवतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. तुम्हाला हवा तो ईएमएस मोड, म्हणजे स्नायू आवळणारा. तो बरोबर लागलाय का हे ओळखायची खूण डोळ्यांनी दिसते: प्रत्येक आकुंचनाला पोटरी कडक झालेली दिसते आणि पाऊल खाली दाबलं जातं, जणू गाडीचा ब्रेक हलकेच दाबावा तसं.

सेटिंगमध्ये सेकंदाला ३० ते ३५ पल्स, पल्सची रुंदी २०० ते ३०० मायक्रोसेकंद, ४ सेकंद करंट आणि १० ते १२ सेकंद विश्रांती असं ठेवा. विश्रांती कापू नका. सलग करंट दिला तर स्नायू आवळलेलाच राहतो, शिरा दबलेल्याच राहतात, त्यांना भरायला वेळच मिळत नाही. शिवाय स्नायू पाच-दहा मिनिटांत थकतो आणि नंतर हलेनासा होतो.

पॅड मोठे घ्या, ५ बाय ९ सेंटिमीटरच्या आसपास. छोट्या पॅडवर करंट एका ठिकाणी गोळा होतो आणि टोचतो. एक पॅड पोटरीच्या फुगीर भागावर, गुडघ्यामागच्या घडीच्या चार बोटं खाली. दुसरा पोटरी जिथे निमुळती व्हायला लागते तिथे. नडगीच्या हाडावर पॅड येऊ देऊ नका. त्याआधी पाय साध्या ओल्या फडक्याने पुसा. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे अंथरुणावरच्या माणसाच्या पायाला तेल लावायची सवय असते. तेलकट कातडीवर पॅड धड चिकटत नाही, कडेने उचलला जातो आणि उरलेल्या भागातून करंट एकवटून कातडी भाजते. जेल सुकलेला पॅडही असाच चटका देतो, तो टाकून द्या.

करंट शून्यापासून हळूहळू चढवा, आईंना विचारत विचारत. दुखेपर्यंत नेऊ नका. पाऊल हललं की तिथे थांबा. दोन्ही पायांना, ३० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि जास्त करून त्या पडून असतात त्या वेळांत. खुब्यात धातूचा बॉल आहे याची भीती बाळगू नका. या आखूड, दोन्ही दिशांनी जाणाऱ्या पल्सचा करंट दोन पॅडच्या मधल्या भागातच फिरतो, खुबा तिथून लांब आहे. धातू असलेल्या जागी जी पूर्ण वर्ज्य आहे ती शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे खोलवर शेक देणारी मशीन. या दोन मशीनची गल्लत बऱ्याचदा होते. तरीही पुढच्या तपासणीत सर्जनना मशीन दाखवा आणि मगच रोजची सुरू करा.

एका गोष्टीबाबत मात्र मी अजिबात सवलत देत नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा सुजलेला दिसला, पोटरी दुखरी, गरम, ताठर लागली, तर मशीन लावायची नाही, चोळायचं नाही, तेलाने मालिश तर मुळीच नाही. गुठळी आधीच झालेली असेल तर पिळून काढल्याने तिचा तुकडा सुटू शकतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक चाळिशीचे गृहस्थ आले. घोट्याचं प्लास्टर दीड महिन्याने निघालं होतं, पाय सुजला होता. प्लास्टर काढल्यावर सूज येतेच असं सांगून एका ठिकाणी त्यांना चार दिवस करंट आणि मालिश दिलं होतं. मी टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजल्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली. फरक चार सेंटिमीटरचा निघाला. तीनच्या पुढचा फरक आम्ही गंभीर समजतो. त्यांना टेबलावर न घेता तसंच डॉपलरला पाठवलं, तर गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी होती. औषधांनी ते बरे झाले. पण त्या चार दिवसांत काय होऊ शकलं असतं हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

म्हणून एक साधी शिवणकामाची टेप घ्या आणि रोज सकाळी आईंच्या दोन्ही पोटऱ्या एकाच जागी मोजून वहीत लिहा. जागेवर बॉलपेनने खूण करून ठेवा. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज येते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा आकडा पाहून घाबरू नका. पण फरक वाढत चालला, तर त्याच दिवशी डॉपलर. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का हे पाहायची जुनी तपासणी घरी करत बसू नका, तिच्यावर विसंबता येत नाही. आणि अचानक दम लागला, छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं किंवा घेरी आली, तर कुणाला फोन करून विचारण्यात वेळ घालवू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या.

इंजेक्शनच्या डागांचं म्हणाल तर बरेचसे डाग देण्याच्या पद्धतीने कमी होतात. बेंबीपासून चार बोटं लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. कातडीची चिमूट धरून सुई सरळ आत, औषध सावकाश ढकलायचं, सुई निघेपर्यंत चिमूट सोडायची नाही, आणि नंतर ती जागा चोळायची नाही. आपल्याकडे इंजेक्शननंतर कापसाने खसाखसा चोळतात, त्यानेच निम्मे डाग पडतात. एवढं करूनही त्यांना नकोच झालं असेल, तर काही रुग्णांना गोळीचा पर्याय असतो. मूत्रपिंडाचं काम, वजन, इतर औषधं पाहून सर्जन ते ठरवतील. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवीत लाली दिसली तर लगेच कळवा.

आणि मशीनपेक्षा माझा जास्त भर आईंना उठवण्यावर आहे. सर्जननी पूर्ण वजन टाकायला परवानगी दिली असेल तर वॉकर धरून दर दोन तासांनी खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या. चालताना पाय टेकतो तेव्हा तळव्याच्या शिराही दाबल्या जातात, पोटरी आवळते, श्वास खोल होतो तसं पोटातल्या शिरांतून रक्त वर ओढलं जातं. खाटेवरच्या मशीनला हे सगळं जमत नाही. मधल्या वेळात जागेपणी दर तासाला तीस वेळा पावलं वर-खाली. पाणी पुरेसं प्या म्हणावं. बाथरूमला जायला लागू नये म्हणून आपल्या आया पाणी कमी पितात, त्याने रक्त घट्ट होतं. कमोडची खुर्ची खाटेजवळ आणा, म्हणजे हा संकोच जाईल. पायाखाली उशी ठेवायची तर पोटरी ते टाचेपर्यंत लांब ठेवा. नुसती गुडघ्याखाली ठेवलेली उशी गुडघ्यामागची शीर दाबते. पाय ओलांडून एकावर एक ठेवायचे नाहीत, हे खुब्यासाठीही आणि शिरांसाठीही.

आता बाबा. त्यांचं दुखणं निराळं आहे. चालताना पोटरी दुखते, थांबलं की राहते, पाय गार, आणि तुम्ही लिहिलंय की मधुमेह १५ वर्षांचा. हे वर्णन धमन्या अरुंद झाल्याचं वाटतं. आईंचा प्रश्न रक्त वर जाण्याचा, यांचा रक्त खाली पोचण्याचा. त्यांना आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्याचं गुणोत्तर काढायची तपासणी करून घ्या. ०.९ च्या खाली आलं तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा कधी फसवा, जास्त येतो, म्हणून सोबत धमन्यांचं डॉपलरही सांगतील. तोवर कुणी सुचवले तरी घट्ट मोजे त्यांना घालू नका. आधीच कमी असलेलं रक्त त्याने आणखी अडतं. मधुमेहात तळव्याची, पोटरीची जाणीव बोथट झालेली असते. मशीनचा करंट जास्त झाला तरी कळत नाही, भाजतं, आणि अशा पायावरची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. त्यांना पेसमेकर आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय ही मशीन त्यांच्या अंगाला लावू नका, आणि आईंनाही असला तर हाच नियम.